अर्धी द्या, माऊली

फलटण
नागपंचमी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आज तवा चुलीवर चढवायचा नाही, विळीला हात लावायचा नाही. पुरणाची दिंडं उकडून झाली, नैवेद्य झाला आणि दुपार मोकळी मिळाली. म्हणून परवाच्या तुझ्या फोनचं उत्तर लिहायला बसले आहे. फोनवर मी रागावले. तो राग अजून आहे, पण रागाच्या भरात नीट सांगता आलं नाही.

ऑफिसखालच्या टपरीवर कुणीतरी गुळाचा कोरा चहा मागितला, त्याचा वास आला आणि तुझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, असं तू म्हणालास. इथवर सगळं ठीक होतं. पण पुढे तू घाबरलास. आई विचारते, पांडुरंगाला बघून काय वाटलं, आणि तुला आठवतो तो वारीतला चहा. नातेपुत्याच्या अलीकडची ज्वारीची भाकरी आठवते, वाखरीची भजी आठवतात. कळस लांबून पाहिला तेव्हा काय वाटलं ते मात्र सांगता येत नाही. मित्र हसतात. मग तू मला विचारलंस, "मावशी, मी वारी केली की नुसता खाऊन आलो?"

या 'नुसता'चा मला राग आला.

आधी चहाचं बघू. घरी पाच वेळा करून पाहिलास, जमला नाही, म्हणून प्रमाण मागतोस. अरे, त्या चहाचं पाणी टँकरचं होतं. त्याला टीसीएलचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचा वास होता. पालखी यायच्या आधी गावोगावच्या विहिरींत आणि टँकरांत ती टाकतात. आमच्या आधीच्या पिढीतले वारकरी पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, आठवणी सांगायचे. वारीला निघायचं म्हणजे दंडात सुई टोचून घ्यायची, असं ते दिवस होते. तेव्हा त्या वासाला नाक मुरडू नकोस. लाकडं रात्रीच्या पावसात भिजलेली, त्यांचा धूर चहाच्या पातेल्यात उतरलेला. गुळाच्या ढेपेला ओल सुटलेली. तू तीन वाजता टँकरखाली थंड पाण्याने अंघोळ करून कुडकुडत उभा, टाचेला आलेला फोड आदल्या रात्री सुईदोरा घालून फोडलेला. आणि समोरून आपली ती लोणंदकडची म्हातारी, स्वतः अजून एक घोटही न घेतलेली, स्टीलचा पेला तुझ्या दोन्ही हातांत देऊन म्हणाली, "धरा माऊली, भाजंल." यातलं काय काय तू फ्लॅटच्या गॅसवर उकळणार आहेस?

तुला चव आठवते असं तुला वाटतं. तुला हात आठवतो आहे. माझं सगळं सांगणं एवढंच आहे आणि मी ते या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच. वारीत आपल्यापुढे आलेला हात रिकामा परत पाठवायचा नाही. घासाची आठवण राहते ती त्या हातामुळे. हात विसरलास तर राहते ती नुसती पदार्थांची यादी, आणि मग मित्र हसतात ते बरोबरच आहे.

हे मला कुणी शिकवलं नाही. चुकून शिकले, आणि चूक अशी की चौतीस वर्षं झाली तरी तिची बोच गेलेली नाही. तुला सांगायची वेळ आली नव्हती. आता सांगते.

1991 साली मी पहिल्यांदा माउलींच्या पालखीबरोबर चालले. वय सत्तावीस, नुकतीच शाळेत नोकरी लागलेली. आमच्या घरात खाण्यापिण्याचं फार होतं. कुणाच्या घरचं पाणी चालतं, कुणाचं चालत नाही, कुणाकडे फक्त फळ घ्यायचं, कुणाकडे चहा घ्यायचा पण कप आपण विसळून ठेवायचा. माझी आई वाईट बाई नव्हती. 1947च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं झालं, हे ती मला अभिमानाने सांगायची. देऊळ खुलं झालं तरी आमचं स्वयंपाकघर नव्हतं झालं, हे तिच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही नाही. शाळेत मी मुलांना समतेचे धडे शिकवत होते, हे विशेष.

बरड सोडल्यावर एका वस्तीपाशी रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी होती. डोईवर पदर, हातात परात, परातीत भाकऱ्या, प्रत्येक भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याचं तेल. वस्ती कुठली, ते पाहताच मला कळलं. आपल्या माणसांना ते कसं कळतं, ते तुला सांगायला नको. तिने भाकरी पुढे केली. मी हात जोडले आणि म्हटलं, "आजी, माझा उपास आहे."

उपास नव्हता. एकादशी दिवे घाटातच होऊन गेली होती आणि पुढची पंढरीत होती. म्हातारीला तिथी ठाऊक होती की नव्हती, देव जाणे. ती म्हणाली, "थांबा मग, जाऊ नगा." परात नातवाच्या हाती देऊन ती लगबगीने आत गेली आणि एक केळं घेऊन आली. एकच होतं. सालावर काळे ठिपके पडलेलं. बहुधा त्याच नातवासाठी ठेवलेलं असणार, कारण ते माझ्या हातात पडताना पोरगं त्याच्याकडेच बघत होतं.

मी ते घेतलं. पुढच्या वळणावर दुसऱ्या एका बाईला देऊन टाकलं.

पुढच्या वर्षी मी त्या वस्तीवर गेले. म्हातारी नव्हती. घरालाही कुलूप. कुणाला विचारावं तर नाव ठाऊक नाही. आता तर तो रस्ताच राहिला नाही. पालखी मार्ग रुंद झाला, दुतर्फा वडाची झाडं होती ती गेली. मला तर खुणेचा दगडसुद्धा सापडत नाही. दर वर्षी बरडच्या पुढे आले की मी चालीने मागे पडते, ते गुडघ्यामुळे असं तुम्ही समजता.

म्हणून सांगते, आलेला हात परत पाठवू नकोस.

आता तू म्हणशील, मावशी, सगळंच कसं घेणार? हडपसरला एका फर्लांगात वीस जण केळी देतात. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत लांब, तीसेक किलोमीटरचा, त्यात दिवे घाट, आणि बहुतेक वर्षी नेमकी ज्येष्ठ वद्य एकादशी त्याच दिवशी. त्यामुळे सगळं पुणं उपासाचं घेऊन रस्त्यावर येतं. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाणे, साबुदाण्याची खिचडी, वेफर, सरबत. आणि मग त्याच रस्त्यावर अर्धवट खाल्लेले लाडू पायाखाली तुडवलेले दिसतात. तूही यंदा वडकी नाल्यापाशी खिचडीचा द्रोण तसाच ठेवून उठलास. मी पाहिलं होतं. त्या दिवशी बोलले नाही, कारण तुझा पहिला घाट होता आणि तोंड उतरलं होतं. आज बोलते: घेऊन टाकणं हे न घेण्याहून वाईट.

यावर उपाय तीन शब्दांचा आहे आणि तो जुन्या वारकऱ्यांना पाठ असतो. "अर्धी द्या, माऊली." भाकरी असो, पोळी असो. पेला असेल तर "दोन घोट". लाडू असेल तर मोडून निम्मा त्यांच्याच हातावर ठेवायचा आणि म्हणायचं, "तुम्हीपण घ्या." देणाऱ्याचं तोंड कसं फुलतं बघ. नको म्हणण्यात आणि अर्धी मागण्यात पोटाच्या दृष्टीने फरक फार थोडा, पण समोरच्या माणसाच्या दृष्टीने सगळाच फरक. पोट बिघडलं असेल तर एक घास घे आणि कपाळाला लाव. पण हात रिकामा जाऊ देऊ नकोस.

एके वर्षी मी तुकोबारायांच्या पालखीबरोबर गेले होते. त्या वाटेवर यवत लागतं. तिथल्या मुक्कामाला पिठलं-भाकरीचं जेवण असतं, गावाची रीतच आहे. पिठलं एका जागी मोठ्या कढयांतून रटरटत असतं आणि भाकऱ्या घराघरांतून येतात. त्या भाकऱ्यांच्या ढिगापुढे मी कितीतरी वेळ उभी राहिले. मला भाकरीचं कळतं, दुसरं काही कळो न कळो. एक भाकरी पापडासारखी पातळ, कडेपर्यंत एकसारखी, पापुद्रा टम्म फुगलेला. ती जाणत्या बाईची. एक जाड, एका बाजूला कलती, मध्ये चीर गेलेली. ती नुकत्याच लग्न होऊन आलेल्या पोरीची, सासू मागे उभी असणार. एकीच्या कडेला चार बोटांचे ठसे तसेच होते. भाकरीवर थापणारीचा हात दिसतो, बाळा, अक्षरशः दिसतो. मी ती ठशांची भाकरी घेतली. पिठल्यात मीठ जरा जास्त होतं, लसूण करपलेला. तसलं पिठलं मी पुन्हा कधी केलं नाही आणि करायची इच्छाही नाही. पण त्या मुलीची आठवण महिन्यातून एकदा तरी होते. आता तिलाही सून आली असेल.

तू प्रत्येक ताटाचा फोटो काढलास. एकदा ते फोटो बघ. भाकरी आहे, ठेचा आहे, कांदा आहे. देणारी कुठे आहे? एका फोटोत तिच्या बांगड्या आल्या आहेत, त्याही चुकून. हे मी टोचायला म्हणत नाही. तुझा घोटाळा कुठे झाला ते दाखवते आहे. आठवणीत तुला हात दिसतो, फोटोत ताट. मित्रांना तू फोटो दाखवलेस, ते काय बोलणार?

आणि दुसरा घोटाळा. तू काल्याआधी निघालास.

दशमीला आपण पंढरीत शिरलो. एकादशीला चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा, कळसाचं दर्शन, नामदेव पायरीला आणि समोर चोखोबांच्या समाधीला हात लावून तू संध्याकाळच्या एसटीत बसलास. सुट्टी संपली होती, मला मान्य. पण एकादशी म्हणजे वारी संपली असं तुला कुणी सांगितलं? द्वादशीला पारणं असतं. आदल्या दिवसभर वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी खाल्लेल्या जिभेवर आपल्या दिंडीत पुरणपोळी पडते. आणि पौर्णिमेला गोपाळपूरला काला. सगळ्या पालख्या तिथे येतात, काल्याचं कीर्तन होतं, लाह्या आणि दही हातोहात फिरतं आणि माणसं एकमेकांच्या तोंडात घास घालतात. कुणाचा हात, कुणाचं तोंड, कुणी बघत नाही. त्यानंतरच पालख्या परतीच्या वाटेला लागतात. अडीचशे किलोमीटर चालून जिथे यायचं होतं ती जागा ही. म्हणजे ज्याची तुला लाज वाटते आहे, की माझ्या वारीत खाणंच उरलं, तिथेच वारी पोचते. तू वाचत असलेली पोथी शेवटचा अध्याय सोडून मिटलीस आणि आता मला विचारतोस, हिचा अर्थ लागत नाही.

माझ्या पहिल्या वारीत गोपाळपूरला एका अनोळखी बाईने माझ्या तोंडात काला घातला. तिची बोटं माझ्या ओठांना लागली. तिची जात मी त्या क्षणी शोधली नाही, आणि शोधली नाही हे रात्री झोपताना ध्यानात आलं. बरडची म्हातारी तेव्हा आठवली. तोवर दहाएक दिवस उलटून गेले होते.

वाखरीच्या भज्यांचंही सांगते, कारण ती का होती हे तुला कळलेलं दिसत नाही. आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. एकादशीपासून चातुर्मास लागतो, मग पुष्कळ घरांत कांदा-लसूण बंद. म्हणून नवमीला कांद्याचं पोटभर खाऊन घ्यायचं. आणि त्याच दिवशी पालखी वाखरीला असते, बाकीच्या संतांच्या पालख्याही तिथेच येऊन मिळतात. वरून पावसाची झड, तंबूच्या कनातीला पाणी लागलेलं, आणि आपल्या बायका डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून कढईपाशी बसलेल्या. तू सतरा भजी खाल्लीस. तळणारीने दोन खाल्ली, तीही कढई उतरवल्यावर, गार. हेही आठवणीत ठेव, भज्यांच्या शेजारी.

देवाचंही असंच असतं. वारीच्या दिवसांत विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात, देव रात्रंदिवस दर्शनाला उभा. पाठीला टेकायला फक्त लोड. सगळी गर्दी ओसरली की मग प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने न्हाऊ घालतात, आणि शिणवटा जावा म्हणून रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं. उभं राहून राहून देवाचे पाय दुखले असतील, त्याला काहीतरी गरम द्यावं, हे ज्या माणसाला पहिल्यांदा सुचलं असेल त्याच्या पाया पडावं. आता तू ठरव, पहाटेच्या कोऱ्या चहाने डोळे भरून आले, यात लाजण्यासारखं काय होतं?

माझ्याबद्दल तुला दिंडीत बरंच ऐकायला मिळालं असेल. मी हट्टी, मी जुनी दिंडी फोडली, आयत्या वेळी माणसं घेऊन बाहेर पडले. तेव्हा माझ्या तोंडूनही ऐक. त्या दिंडीत मी वीसेक वर्षं भाकऱ्या थापल्या. भिशी, म्हणजे जेवणाची वर्गणी भरून, सगळ्यांसारखी. रात्री दोनला उठून. मग संख्या वाढली आणि ठेका देऊन आचारी आणायचं ठरलं. मी त्यालाही फार बोलले नाही. म्हाताऱ्या बायकांना विसावा मिळतो, असं मलाही वाटलं. पण दुसऱ्या वर्षी कूपनं आली. कूपन दाखवलं तर जेवण. एका मुक्कामाला एक आजोबा पंगतीच्या तोंडाशी उभे. धोतराच्या कनवटीला ठेवलेलं कूपन पावसात विरघळलं होतं. वाढणाऱ्या पोराने त्यांना बाजूला थांबायला सांगितलं. पोराचा दोष नाही, त्याला हिशेब द्यायचा होता. आजोबा थांबले. पंगत बसली, उठली. मी ताटावरून उठले आणि माझं ताट त्यांना दिलं, आणि व्यवस्था बघणाऱ्यांना सर्वांसमक्ष जे बोलायचं ते बोलले. शब्द कडक होते. त्यातला एकही मी परत घेतलेला नाही.

लोक म्हणतात, मावशी, हजार माणसांना हाताने वाढता येत नाही, व्यवस्था लागतेच. लागते, मला कळतं. शाळा चालवलेली बाई आहे मी. म्हणूनच आपली दिंडी साठ माणसांची आहे आणि साठावरचा एकही मी घेत नाही, तू मित्रांना आणतो म्हणालास तेव्हाही नाही म्हटलं ते यासाठी. साठ माणसांत कोण जेवलं नाही ते चेहऱ्यावरून समजतं. मी चुकले असेन तर एवढंच, की ज्यांच्याबरोबर वीस वर्षं चालले त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यातल्या दोघी आता नाहीत. त्यांच्या घरी मी पिठलं-भात घेऊन जायला हवं होतं, गेले नाही. कूपनाच्या बाबतीत मात्र मी चुकले नाही. चुकले नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पुढच्या वर्षी यावं का? ये, पण सुट्टी पौर्णिमेपर्यंतची काढ. न मिळाली तर सासवडपासून नको येऊस, वेळापूरला ये आणि शेवटचे दिवस कर. आणि यंदा भाकऱ्या खाल्ल्यास, पुढच्या वर्षी थापायच्या. पुरुषांना जमत नाही ही थाप आहे. पीठ मळायला मनगट लागतं, ते तुझ्याकडे आहे. आताच सुरुवात कर. पहिल्या पन्नास फाटतील. फाटलेल्या तूच खा.

राहिला चहा. एका कपाचं प्रमाण मला खरोखरच येत नाही, कधी केलाच नाही. साठांचं लिहून देते. पाणी सहा लिटर. गूळ पाऊण किलो, चिरून, अंदाजे बघून थोडा मागे ठेवायचा. पाण्याला आधण आलं की ठेचलेलं आलं मूठभर आणि गवती चहाची एक जुडी, गाठ मारून. चहा पावडर शंभर ग्रॅम, तीही गूळ पूर्ण विरघळल्यावर. दोन उकळ्या काढून झाकण ठेवायचं. गाळायला पंचा. तुझ्या सोसायटीत रात्रपाळीचे रखवालदार आहेत, पहाटे कचऱ्याच्या गाडीवर येणाऱ्या बाया आहेत, दूधवाला आहे, समोर इमारतीचं काम चाललंय म्हणालास, तिथली माणसं आहेत. साठ सहज भरतात. येत्या एकादशीला पहाटे करून बघ. पेले स्टीलचे घे, कागदाचे नको. आणि देताना सांग, भाजंल.

तुझी
मावशी

ता. क. ठेच्याची बरणी भावाच्या मुलाबरोबर पाठवते आहे. तो रविवारी स्वारगेटला उतरेल. बरणी रिकामी परत पाठवू नकोस.